लाल रेघेखालचा अर्ज

माझं तोंड फटकळ. माहेरी, साताऱ्याला सगळे म्हणायचे, हिला कुठंही पाठवा, ही कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तर ही ऐकून न घेणारी बाई चंदीगडच्या एका सरकारी कचेरीत डाकेच्या खिडकीवर बसली होती, तिनं एका माणसाचं मुकाट्यानं ऐकलं, आणि त्यात दुसऱ्या बाईचं वाटोळं झालं. लाज वाटते म्हणून हे आजवर घरातसुद्धा बोलले नाही.

पंजाबातले ते वाईट दिवस. आज बंद, उद्या कर्फ्यू, बसमध्ये सीटखाली बेवारस डबा दिसला की सगळी बस रिकामी. नवरा हवाई दलात, त्याची बदली पुण्याला होऊन चार महिने झालेले. दोन पोरांना घेऊन मी क्वार्टरमध्ये एकटी. पोरं कसली मराठी बोलतात! मी मराठीत विचारायचं, त्यांनी हिंदीत उत्तर द्यायचं. धाकटी एकदा फोनवर बापाला म्हणाली, "पापा, आप आ जाओ, मम्मी रोज डाँटती है." डाँटती होतेच मी. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझा जीव टांगणीला लागायचा, आणि पोरं दारात दिसली की आधी एक धपाटा. पुण्याच्या कचेरीत बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. आमच्या साहेबांनी शिफारस लिहून तो पुढे पाठवायचा होता. तो त्यांच्या टेबलावर पडून होता आणि मी येता-जाता मान वाकडी करून बघायची, हलला का.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक शीख बाई बसायची. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी. मी तिला दीदी म्हणायची, ती मला मराठन. डेराबस्सीहून रोज बसनं येणार, तरी हजेरीला माझ्याआधी हजर. नवीन होते तेव्हा हिंदीत टिपणी कशी लिहायची ते तिनंच मला शिकवलं. माझी गूळ घातलेली आमटी बघून "ये दाल है के शरबत?" म्हणून सगळ्या कचेरीत माझी टर उडवायची, आणि वाटी मात्र चाटूनपुसून साफ करायची.

त्या वर्षी तिच्या दिराला पोलिसांनी चौकशीला नेलं आणि चार दिवसांनी सोडून दिलं. ना खटला, ना काही. पण साहेबांनी दीदीच्या गोपनीय अहवालात दोन शब्द लिहिले: निष्ठा शंकास्पद. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिच्या कागदाला कधी डाग नव्हता. दुसऱ्या कुणाच्या दिराला नेलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. ही शीख, म्हणून. तेवढ्यावर तिची बढती अडली आणि तिच्याच हाताखाली शिकलेला एक जण तिच्या डोक्यावर बसणार होता. वरच्या कार्यालयाकडे दाद मागायची सोय होती, पण शेरा कळवल्यापासून एका महिन्याच्या आत. अर्ज आमच्याच खिडकीवर द्यायचा, आणि तो कधी आला हे माझ्या शिक्क्यावरून ठरणार. एक दिवस उलटला की आत काय लिहिलंय ते कुणी वाचतसुद्धा नाही.

आता आमच्या खिडकीची एक रीत सांगते. चार वाजता आवक रजिस्टरात शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारायची. मग केसांतला आकडा काढून त्याच्या टोकानं शिक्क्याची चाकं फिरवायची आणि पुढची तारीख लावायची. रेघेखाली आलेला कागद दुसऱ्या दिवसाचा. पण रेघ मारताना तिच्या वर दोन ओळी कोऱ्या सोडायच्या, आणि आपण घरी जाईपर्यंत रजिस्टर उघडं ठेवायचं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण माझ्या आधीच्यांनीही पाळली होती. साहेबांच्या ओळखीचा कुणी धापा टाकत आला की त्याचा कागद त्या कोऱ्या ओळीत बसायचा आणि त्या दिवसाचा होऊन जायचा. मी स्वतः कितीतरी कागद असे बसवलेत.

दीदीचा महिना एका शुक्रवारी संपत होता. दिरावर काही गुन्हा नाही असा ठाण्याचा दाखला तिला जोडायचा होता आणि ठाणेवाले रोज उद्या या म्हणत होते. शुक्रवारी रजा काढून ती ठाण्यातच जाऊन बसणार होती. गुरुवारी मी तिला म्हटलं, "दीदी, तू ये फक्त. तुझ्यासाठी ओळ राखून ठेवते." तिनं विचारलं, "पक्का?" मी छाती ठोकून सांगितलं, "पक्का."

शुक्रवारी तीन वाजता साहेब खिडकीपाशी आले. एरवी कधी इकडे फिरकायचे नाहीत. म्हणाले, "मॅडम, आजपासून कोऱ्या ओळी सोडायच्या नाहीत. चार म्हणजे चार." आणि जाता जाता, अगदी सहज, "तुमचा पुण्याचा कागद काढून ठेवलाय. सोमवारी सही करतो."

मी म्हटलं, "हो सर."

बस. एवढंच. ना धमकी, ना आवाज. माझं ते सुप्रसिद्ध तोंड कुठं गेलं होतं देव जाणे. चार वाजता मी शेवटच्या नोंदीला चिकटून रेघ मारली, आकड्यानं चाकं फिरवली, शनिवार-रविवार सुट्टी म्हणून सोमवारची तारीख लावली. बंदची अफवा होती, म्हणून सगळे लवकर निघून गेले. मीही जाऊ शकत होते, पण मला वाटलं, ती आलीच नाही तर बरं होईल, आणि ती आली नाही हे आपण बघूनच घरी जावं. मला खरोखर असं वाटलं.

चार वाजून वीस मिनिटांनी ती आली. चेहरा घामानं भिजलेला, ओढणी खांद्यावरून घसरलेली. झिरकपूरच्या नाक्यावर पोलिसांनी बस थांबवून सगळ्यांना उतरवलं होतं, एकेकाची पिशवी उपसली होती, तासभर उन्हात उभं केलं होतं. पण दाखला मिळाला होता. हसत होती. "ले मराठन, मार शिक्का."

मी सोमवारचा शिक्का मारला. तिनं तारीख बघितली, रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं.

"ओळ?"

"आजपासून बंद केल्यात गं. पण काळजी करू नकोस, तू खाली सही करताना आजचीच तारीख घातलीयस ना? तीच धरतात."

खोटं होतं ते. शिक्क्याचीच तारीख धरतात, हे मला ती खिडकी जेवढी पाठ होती तेवढंच पाठ होतं.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "सतरा सेक्टरचं पोस्ट अजून उघडं असेल. एक प्रत थेट वरच्या कार्यालयाला रजिस्टर करून टाकू का? पावती तरी आजची राहील."

तिला स्वतःलाच सुचलं होतं! रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता. थेट वर पाठवलेल्या प्रतीला पोस्टाची तारीख धरतात; ती पावती चालली असती, शंभर टक्के चालली असती. पण मग साहेबांनी विचारलं असतं, हिला हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, "कशाला गं? इथं दिलास ना? उगाच उशीर होईल, परत नाक्यावर अडकशील, घरी सासू वाट बघत असेल." तिच्या काळजीनं बोलतेय असा सूर लावला मी. आणि ती म्हणाली, "तू म्हणतेस तर ठीक," आणि बस पकडायला गेली.

सोमवारी माझा कागद सही होऊन पुढे गेला. दीड महिन्यात बदलीचा हुकूम आला. मी बर्फी वाटली, आणि दीदीनं दोन तुकडे घेतले. त्याच आठवड्यात तिचा अर्ज परत आला: मुदतीनंतर प्राप्त, विचार करता येत नाही.

तिनं तो माझ्यासमोर धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू म्हणाली होतीस, सहीची तारीख धरतात."

"मला तसं वाटलं होतं, दीदी."

"हां जी," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी."

आता एकच वाट होती. उशीर माफ करा म्हणून विनंती करायची, आणि शुक्रवारी आपण आलो होतो हे दाखवायचं. पण हजेरीत तिची रजा, आणि हॉलमध्ये माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. म्हणजे मी दोन ओळी लिहून द्यायच्या. ती मागेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं: रजिस्टरात आहे त्याहून वेगळं मी कसं लिहू, माझी नोकरी जाईल. घोकून ठेवलं होतं मी ते.

तिनं मागितलंच नाही. माझ्या जायच्या चार दिवस आधी तिचा विनंतीअर्ज खिडकीवर आला. विषय नोंदवायचा म्हणून मला तो वाचावा लागला. नाक्यावरची तपासणी लिहिली होती, वेळ लिहिली होती. शेवटी लिहिलं होतं की डाक घेणाऱ्या मॅडमनी वरून आलेल्या आदेशाप्रमाणे काम केलं, त्यांची बदली झाली आहे, मुलं लहान आहेत, कृपया त्यांना चौकशीसाठी थांबवून ठेवू नये.

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कदाचित त्याच दिवशी खिडकीत कळलं असेल, कदाचित बर्फी खाताना. मी कागदावर शिक्का मारला, क्रमांक घातला, ट्रेमध्ये ठेवला. ती शेजारच्याच टेबलावर बसली होती. मी मान वर केली नाही.

त्या विनंतीचं काय झालं ते पुण्याला आल्यावर एका सहकाऱ्याच्या पत्रातून कळलं. शुक्रवारी हजर असल्याचा पुरावा नाही, म्हणून फेटाळली. वरून कुणीतरी फक्त एक विचारणा करायला हवी होती, पण तिनंच नको म्हटलं होतं. बढती गेली. पुढे कधीतरी कानावर आलं, ती त्याच टेबलावर निवृत्त झाली.

मी तिला एक पत्र टाकलं नाही. काय लिहिणार होते? आता ती आहे की नाही तेही ठाऊक नाही, आणि या कागदाचा तिला काडीचा उपयोग नाही. तरी लिहून देते. ती शुक्रवारी आली होती, चार वाजून वीस मिनिटांनी. तिनं अर्ज माझ्या हातात दिला. पोस्टात जाते म्हणाली, आणि मी तिला जाऊ दिलं नाही.