आबासाहेबांच्या गच्चीवरची छत्री

जळोचीत केबल आणली ती बिरदेवनं. त्याच्या बापानं, रावजीनं, उभा जन्म मेंढरांमागं काढला. बिरदेवनं मेंढरं विकली आणि डिशची मोठी छत्री घेतली. तिला उंच जागा हवी होती. वस्तीत दुमजली घर एकच, गावपुढारी आबासाहेबांचं. त्यांनी गच्ची दिली, भाडं मागितलं नाही.

रोज संध्याकाळी बिरदेव केबलवर स्वतः बातम्या वाचायचा. पाणी कधी सुटणार, कुणाची म्हैस चुकली, इंदापूरच्या बाजारात डाळिंबाला काय भाव निघाला. नव्याण्णवच्या निवडणुकीत मतदान झालं त्या संध्याकाळी आबासाहेब कागद घेऊन आले. त्यांच्या माणसांनी केंद्राबाहेर थांबून, मत देऊन येणाऱ्यांना कुणाला दिलं ते विचारलं होतं.

"वाच हे. आपलं पारडं जड हाय."

"आबा, तहसीलमधनं बजावलंय. सगळीकडचं मतदान हुईस्तोवर असलं काय दावायचं न्हाय."

"अरं, तुझी केबल दिल्लीत दिसती व्हय? हितं नुसत्या म्हशी हुडकायच्या!"

बिरदेव ओशाळून हसला, पण कागद वाचला नाही. आदेशच होता म्हटल्यावर आबासाहेबांनीही ताणलं नाही.

थोड्या दिवसांत बंदी कोर्टात टिकली नाही, अशी बातमी आली. मोठ्या चॅनेलवर अंदाज सुरू झाले. आबासाहेब तोच कागद घेऊन हजर.

"आता मोकळीक हाय. आता कशाला अडतंय?"

बिरदेवही तेच स्वतःला विचारत होता. आता आदेशाच्या आड उभं राहता येत नव्हतं.

"लांबच्या राज्यांतलं मतदान ऱ्हायलंय अजून, आबा."

"मग तुझी छत्री उतरव. उद्याच!"

बिरदेवच्या बायकोनं, तानूबाईनं, ऐकून कपाळाला हात लावला. "अवं, बंदी उठली न्हवं? मग ह्यो हट्ट कशापायी? पोटाचा धंदा हाय आपला."

"बा मेंढरं कशी मोजायचा, ठावं हाय न्हवं तुला?"

तिला ठाऊक होतं. दिवस मावळताना जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी सासरा उभा राहायचा आणि आत शिरणारं मेंढरू न् मेंढरू मनात मोजायचा. किती झाली म्हणून विचारलं तरी तोंड उघडायचा नाही. एकदा बिरदेवचा चुलता मध्येच आकडा बोलला. मागून हाकणाऱ्यांना वाटलं, आली सगळी. ते भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले आणि मागं राहिलेली कोकरं लांडग्यानं नेली.

"ती लांबची माणसं तुमची केबल बघणार हायत व्हय?"

"न्हाईत. पर आकडा बोलणारा मीच की."

तानूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पान्हा कुठं ठिवलाय?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी छत्री उतरवली. शेजारच्या सोनबाच्या टेम्पोतून आणून आपल्या परसात बसवली. चिंचेच्या फांद्या आड यायच्या, पडद्यावर मुंग्या यायच्या. लोक बोलले, काहींनी केबल तोडली.

मतमोजणीत आबासाहेबांचीच बाजू जिंकली. ते पेढे घेऊन स्वतः आले.

"काय रं, माझाच आकडा खरा ठरला का न्हाय?"

"ठरला आबा. बसा, आता वाचतो."

बिरदेवनं आत जाऊन केबलवर बातमी वाचली आणि बाहेर येऊन मोठं चॅनेल लावलं. आबासाहेब ओसरीवरच्या टीव्हीकडं डोळे बारीक करून बघत होते.

"मुंग्या लई हायत रं. छत्री ने जा परत गच्चीवर."

"नगं आबा," बिरदेव पेढा मोडत म्हणाला. "चिंच छाटतो."