थोरल्याचं नाव

"इथं कोन बसलंय का?" रिकाम्या खुर्चीकडे बघून काका विचारायचे. "कुणी नाही, बसा" म्हटलं तरी कडेवरच टेकायचे, एक चप्पल पायात आणि तोंड दाराकडे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला भित्रा म्हणतो आणि चहा पुढे करतो. मीही तेच करत आले.

ऐंशीच्या दशकात मी निजामपुऱ्यातल्या घरातून यात्रा न्यायचे. काशी, रामेश्वर, कामाख्या. बरोबर एक आचारी, दोन स्टोव्ह आणि माझा आवाज. काका आमच्याच गल्लीतले, मूळचे जवळच्या काल्हेर गावचे. कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मुकादम होते. तिथल्या खडखडाटात दहा जणांवर ओरडणारा हा माणूस घरी मात्र दाराची कडी वाजली की दचकायचा.

"बघ गं, कोन हाय."

काकी जागच्या हलायच्या नाहीत. "दूधवाला हाय. रोजच येतो."

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि नेहमीसारखे कडेवर टेकले.

"ताई, तुमची यात्रा कोहिमाला जाते का?"

"तिथे कुठला देव?"

"देव न्हाय. लढाईत मेलेल्यांची जागा हाय."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. त्यांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेला आणि बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नाही, सापडत नाही एवढंच कळवलं. काही वर्षं वाट पाहून घरच्यांनी पंचांना विचारलं आणि त्याच्या बायकोचा पाट धाकट्याशी लावून दिला. ती बायको म्हणजे आमच्या काकी. मुलं झाली, नातवंडं झाली. पण थोरला एक दिवस दारात उभा राहील आणि आपली जागा मागेल, ही धास्ती काकांच्या मनातून गेली नाही. आता एका निवृत्त फौजीनं त्यांना सांगितलं होतं, की कोहिमाच्या युद्धस्मशानात एक मोठा दगड आहे. ज्या हिंदू आणि शीख जवानांना तिकडे अग्नी मिळाला, त्यांची नावं त्यावर कोरली आहेत. थोरल्याचं नाव तिथे असलं, तर तो कधीच गेला. मग दारात कुणी येणार नव्हतं.

"आणि नसलं तर?" मी विचारलं.

काका उठून उभे राहिले, परत बसले.

"आधी पत्र टाकून विचारू," मी म्हटलं.

"एक कागद आला व्हता ताई घरी. त्यानं काय सांगितलं? आता डोल्यानंच बघनार."

पुढच्या वर्षी कामाख्येची यात्रा ठरलेलीच होती. गुवाहाटीला बाकीची मंडळी आचाऱ्याकडे सोपवायची आणि आम्ही पुढे दिमापूर, तिथून बसनं कोहिमा. नागालँडात जायला परवाना लागायचा, त्याची खटपट मी केली. काका मात्र रोज नवी काळजी घेऊन यायचे.

"लढाई झाली ती जागा म्हंजे मसनच की. मसनातून आल्यावर आंघोल पायजे. त्या थंडीत पानी कुठं मिलेल?"

"मिळेल. बादली मी बघते."

"नारल न्यायचा का?"

"न्या."

"आनि मसनात बाईमानसानं यावं का?"

"काका, मी बाईच आहे."

एकदा बराच वेळ चपलेशी चाळा करत बसले. मग हळूच म्हणाले, "नाव सापडलं तर हिच्या कुंकवाचं काय करायचं?"

काकी पायरीवर लसूण सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "एकाचं पुसायचं आनि एकाचं ठेवायचं? कपाल एकच हाय माझं."

"तू नको येऊ," काका म्हणाले.

"का नको? नवरा माझा हरवलाय. तुमचा न्हाय."

काकी काही थांबल्या नाहीत. "आनि घाबरता कशाला? तो आलाच, तर मला बघून आल्या पावली परत जाईल. दात कुठं राहिलेत माझे?"

मी मोठ्यानं हसले. काका दाराकडे बघत राहिले.

दिमापूरला बसस्टँडवर त्यांनी माझी पिशवी धरली. "ताई, हितूनच फिरू. कामाख्या झाली, बास झालं." मी काही बोलायच्या आत काकी बोचकं उचलून बसमध्ये चढल्याही होत्या. मग आम्हालाही चढावं लागलं.

कोहिमाला डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी थडगी होती. गवत कापलेलं, सगळं नीट राखलेलं. काकांनी फाटकातच चप्पल काढली आणि अनवाणी वर चढले. नावांचा दगड वरच्या अंगाला होता. अक्षरं इंग्रजी, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी ओळींवरून बोट खाली नेत गेले आणि एका ओळीवर थांबले. नाव होतं. पलटणही तीच. पण बापाचं नाव नाही, गाव नाही. त्या नावाची माणसं आमच्या ठाणे जिल्ह्यात गावोगाव सापडतील, मग पलटणीत एकच कशावरून?

मी आहे ते सांगितलं. "नाव आहे. पण हे तेच, असं मला सांगता येणार नाही."

इतक्या लांब येऊन काकांना पुन्हा तेच मिळालं होतं, जे पूर्वी कागदानं कळवलं होतं. ते तिथेच खाली बसले.

काकी पुढे झाल्या. डोक्यावरून पदर घेतला, चांगला कपाळापर्यंत ओढला. अक्षर ओळखता न येणाऱ्या त्या बाईनं मी दाखवलेल्या ओळीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हेच हायत," त्या म्हणाल्या. "उठा. नारल फोडा."

काकांनी नारळ फोडला आणि मग त्यांना रडू आलं. संध्याकाळी लॉजवर कढत पाण्याची बादली मिळाली. न्हाव्याकडे जाऊन ते मिशी काढून आले. काकींचं कुंकू होतं तसंच राहिलं.

काका गेले नव्वदच्या दशकात, झोपेत. त्यांच्या पहिल्या पितृपक्षात काकींनी मला जेवायला बोलावलं. ओट्यावर त्यांनी दोन पानं मांडली होती. मला राहवलं नाही.

"काकी, त्या दिवशी कशावरून ओळखलंत?"

"वलखते कशाची?" त्या वाढता वाढता म्हणाल्या. "सोला-सतरा वर्सांची मी. तोंडसुदिक आठवत न्हाय त्यांचं. पन हे तिथं खाली बसले व्हते ना ताई. ह्यांना घरी आनायचं व्हतं."

थोरल्याचं पान त्यांनी आधी वाढलं. भात, भाजी, वडे, खीर, सगळं रीतीप्रमाणे. त्याला काय आवडायचं, ते त्यांना आठवत नव्हतं. मग काकांचं पान वाढलं आणि चुलीशी जाऊन एक पापड मुद्दाम करपवून आणला.

"ह्यांना असाच लागतो," म्हणाल्या.