घरात सर्व कुशल

शाळेतल्या पोरांनी ब्रदरांचं नाव काटकोन ठेवलं होतं. शिकवायचे भूमिती, आणि चालायचे असे की पाठीत फूटपट्टी घातली असावी. नाव ठेवणारी पोरं आता आजोबा झाली, नाव मात्र टिकलं. ब्रदर म्हणजे फादर नव्हे, हे लोकांना समजावताना त्यांचा जन्म गेला. "मी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना करत नाही, लग्नं लावत नाही, मी फक्त शिकवतो," असं ते सांगायचे आणि समोरचा मान डोलावून म्हणायचा, "बरं फादर."

ब्रदरांच्या संघात आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आता चौऱ्याहत्तर. लग्न करायचं नाही, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, संघ पाठवील तिथं राहायचं, असं व्रत. संघानं त्यांना या मुलांच्या शाळेत पाठवलं आणि मग बहुधा विसरून गेला.

शाळेच्या मागेच ब्रदरांचं घर. खाली प्रार्थनेची आणि जेवणाची खोली, वर राहायच्या अकरा खोल्या. एके काळी अकराही भरलेल्या असायच्या आणि सकाळी नळापाशी रांग लागायची. मग काही ब्रदर वारले, काहींची बदली झाली, चित्रकलेचे ब्रदर संघ सोडून लग्न करून मोकळे झाले. नवीन कोणी येईना. शेवटी काटकोन आणि विज्ञानाचे ब्रदर असे दोघंच उरले, आणि त्या दोघांचं कधी म्हणजे कधी पटलं नाही. जेवणाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर ते बावीस वर्षं भांडले. चार वर्षांपूर्वी विज्ञानाचे ब्रदर गेले. खिडकी आता हवी तितकी उघडी ठेवता येत होती, आणि काटकोनांना त्यात काडीची मजा वाटत नव्हती.

शाळा मात्र जोरात चालली होती. नऊशे मुलं, शिक्षक सगळे बाहेरचे, हेडमास्तर संसारी गृहस्थ आणि काटकोनांचेच जुने विद्यार्थी. ब्रदर आता तास घेत नसत, पण आठवीच्या भूमितीच्या वह्या त्यांनी हट्टानं स्वतःकडे ठेवल्या होत्या. साडेतीनला शाळा सुटली की पाच मिनिटांत सगळा गलका आटायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायला कोणी नसायचं.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. हेडमास्तर म्हणाले, "ब्रदर, शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा. तुमच्याशिवाय आता आहे कोण?" ते आपले सहज बोलून गेले. ब्रदरांना ते दिवसभर पुरलं.

इतिहास लिहायचा तो घराच्या रोजनिशीवरून. ब्रदरांच्या प्रत्येक घरात अशी रोजनिशी असते आणि तिची नक्कल दरवर्षी वरिष्ठांकडे जाते. तिच्यात तक्रार लिहायची नाही, स्वतःविषयी लिहायचं नाही, आणि शेवटी 'घरात सर्व कुशल' एवढं लिहून वही मिटायची, असा रिवाज. ब्रदर पहिल्या वहीपासून वाचायला बसले. चार ब्रदर, भाड्याचं गोदाम, खोक्यांच्या फळ्यांचे बाक, सतरा मुलं. 'छप्पर गळाले. फळ्यावर छत्री धरून शिकवले. घरात सर्व कुशल.' ब्रदर एकटेच खो खो हसले.

अशा एकतीस वह्या. शेवटच्या वहीत त्यांचं स्वतःचं अक्षर आलं. 'पहाटे विज्ञानाचे ब्रदर वारले. दुपारी आठवीची चाचणी झाली. घरात सर्व कुशल.'

ते त्यांनीच लिहिलं होतं. त्यांना स्वतःचाच संताप आला. त्या दिवशी ते चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि जेवणाच्या खोलीत जायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. यंदा वरिष्ठ आले की सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं.

वरिष्ठ वर्षातून एकदा येतात आणि प्रत्येक ब्रदरला एकेकटं बसवून ठरलेले प्रश्न विचारतात. दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणून दार लावून घ्यायचं असतं. घरात दुसरं कोणी नव्हतंच, पण वरिष्ठांनी नियमाप्रमाणे दार लावलं. ते वयानं वीसेक वर्षांनी लहान होते.

"घरात एकमेकांशी पटतं का?" त्यांनी कागदावरचा प्रश्न वाचला.

"पटतं."

"कुणाविषयी काही सांगायचंय?"

"नाही."

"स्वतःसाठी काही मागणं?"

या प्रश्नाला पंचावन्न वर्षं 'नाही' म्हणायची सवय झालेली. 'नाही' ओठांवर आलंच होतं. ब्रदरांनी ते गिळलं.

"मला फार एकटं वाटतं," ते म्हणाले. "इथं एखादा ब्रदर पाठवा. कोणीही चालेल. भांडखोर असला तरी चालेल."

वरिष्ठांनी पेन खाली ठेवलं. "पण तुमच्या रोजनिशीत तर दरवर्षी सगळं छान असतं! मी म्हणत होतो, या घराची चिंता नाही. आधी का नाही बोललात?"

"मागायची रीत नाही ना आपल्यात."

"बघतो मी," वरिष्ठ म्हणाले, आणि जाताना त्यांनी ब्रदरांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

ब्रदरांनी दुसऱ्याच दिवशी शेजारची खोली झाडून घेतली. गादीला ऊन दाखवलं, नवा दिवा बसवला, कपाटाची करकर तेल घालून घालवली. येणाऱ्याला खिडकीपाशी झोपायला आवडेल की भिंतीपाशी, या विचारात त्यांनी खाट दोनदा हलवली. लहान पोरासारखे ते रोज टपालाची वाट बघू लागले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून' शाळेमागचं घर बंद करण्याचं ठरलं होतं. पाठवायला संघात माणूसच उरला नव्हता. ब्रदरांनी महिनाअखेर वृद्ध ब्रदरांच्या घरी राहायला जावं. ते घर रेल्वेनं अकरा तासांवर होतं. तिथं बाराजण होते, भरपूर सोबत मिळणार होती.

हेडमास्तर मधल्या सुट्टीत धावतच आले. "ब्रदर, तुम्ही जाताय? तुम्ही स्वतःच मागून घेतलंत म्हणे?"

बाहेर मुलांनी मैदान डोक्यावर घेतलं होतं. ब्रदरांनी तिकडे बोट दाखवलं.

"एक माणूस मागितला होता मी. त्यांनी बारा दिले आणि हे नऊशे काढून घेतले."

"मग तसं कळवा ना त्यांना! नाहीतर मी लिहितो पत्र."

"नको," ब्रदर म्हणाले. "त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलंय. पंचावन्न वर्षांत एकदा मागितलं, आणि तेही मला नीट मागता आलं नाही बघा."