तीन मिनिटांचा टायमर

थंडी पडली की आमच्या कपाटातून स्वेटर निघतात आणि त्यांच्यासोबत किस्सेही. माझी लेक ओवी आत्ता कुठे तीन वर्षांची होतेय, पण तिच्या कोरड्या गालांचे किस्से एवढे साठलेत की तेवढे तर माझ्या लग्नाचेही नाहीत.

पहिला माझ्याच अकलेचा. गाल तडकायला लागले, तेव्हा मी तिला कढत पाण्यात वीस-वीस मिनिटं आंघोळ घालायचे. आणखी तडकले. मग मी साबण बदलला आणि पाणी अजून तापवलं. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई आहे मी.

*

यंदा बालवाडीच्या बाईंनी गेटवर हळूच विचारलं, "ओवीच्या गालांवर ते पांढरं काय आहे? पसरणारं नाही ना? एक-दोन मुलांच्या आया विचारत होत्या."

डबा खायला शेजारी कुणी बसलं नाही, हे ओवीनं रिक्षात सांगितलं. घराजवळचं जुळे सोलापूर येईपर्यंत मी रडत होते. शेवटी रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, थंडीनं फुटलेत गाल. माझ्या टाचा बघा की." आणि सिग्नलला खरंच चप्पल काढून दाखवली.

*

डॉक्टरांनी तपासलं. "पसरणारं काही नाही, त्वचा कोरडी आहे. कोमट पाणी, पाच मिनिटांत आंघोळ. अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायचं."

मी वहीत लिहून घेतलं. "तीन मिनिटं नळ बंद केल्यापासून धरायची की टॉवेल गुंडाळल्यापासून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय करता?"

"केमिस्ट्री शिकवते."

"वाटलंच."

*

दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर टायमर लागला. माझ्या सासूबाई मंगळवेढ्याच्या. त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी टायमर वाजला तशा म्हणाल्या, "सायली, पोरगी हाय का कुकर?"

"आई, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आमी पोरं तेलानं चोळून उन्हात टाकत हुतो. कुटं काय झालं?"

मी त्यांच्या टाचांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्वारीच्या रानात अनवाणी फिरलेले पाय. भेगा एवढ्या खोल की मोजे अडकायचे. "तुम्हीही लावून बघा ना थोडं क्रीम."

"मला आता कुटं शाळेत जायचंय?"

*

महिन्याभरात गाल पुरणपोळीसारखे मऊ झाले. गेटवर बाई म्हणाल्या, "छान झाले की गाल. काय लावता?" मी सांगायला लागले, तर ज्या आया विचारत होत्या त्याच मोबाईल काढून लिहून घेऊ लागल्या. एक म्हणाली, "आमच्याकडं पण या की एकदा, टायमर घेऊन."

पदवीदान समारंभात माझी मान एवढी ताठ नव्हती. त्या दिवशी डबा खाताना ओवीच्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी होत्या. मी तिला तीनदा विचारून खात्री करून घेतली.

*

रविवारी ओवीनं आजीला खुर्चीवर बसवलं, पाय कोमट पाण्याच्या टबात घालायला लावले. मग टिपून, जीभ बाहेर काढून, एकेका भेगेत बोटानं क्रीम भरलं. "हलू नको, आजी. कुकर वाजेल."

सासूबाई हलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "पोरीचं मन राखलं, दुसरं काय न्हाय."

परवा सकाळी मी पोळ्या लाटत होते. ओवी बालवाडीत गेलेली. बाथरूममधला नळ बंद झाला आणि आतून हाक आली,

"सायली, टायमर लाव की."