दश्शी सोडताना

बोटीवर परत जाताना ह्यांनी माझ्या हातात ठेवलं ते तळहाताएवढं, राखी रंगाचं, वापरून झिजलेल्या साबणासारखं गुळगुळीत यंत्र होतं. त्याच्या फिकट हिरव्या काचेवर पत्त्यांची पाच पानं उमटत. प्रत्येक पानाखाली एक छोटं बटण आणि कोपऱ्यात एक मोठं. ह्या खेळाला व्हिडिओ पोकर म्हणतात, बंदराबंदरांतून माणसं अशा मोठ्या यंत्रांसमोर पैसे लावून बसतात, असं ते सांगत होते. आमच्याकडे लावायला होते ते फक्त काचेवरचे गुण.

"आईला शिकव," ते म्हणाले. "दुपारी दोघी दोन कोपऱ्यांत बसता, ते तरी थांबेल."

त्यांच्या ध्यानात आलं होतं तर! मी मंडणगडच्या डोंगरातली, लग्नाला जेमतेम आठ महिने झालेली, पुस्तकी मराठी बोलणारी. सासूबाई रत्नागिरीच्या खाडीकाठच्या. तरुणपणी माशांची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेल्या, एक भुवई उचलून गिऱ्हाइकाला गप्प करणाऱ्या. सासरे गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. भात शिजला, पाणी भरलं, दार लावलं, एवढ्यावर आमचं बोलणं संपत असे.

आणि आमच्या मध्ये आणखी एक न बोललेली गोष्ट होती. माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, कोल्हापूरच्या कॉलेजात बी.एड.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र पडून होतं. वर्षभर तिथेच राहावं लागणार होतं. होकार मे संपायच्या आत कळवायचा होता. "माझी ना नाही," हे म्हणाले होते, "पण आई एकटी पडेल. तिला तूच विचार." मला ते जमत नव्हतं.

ते दिवस रातांब्यांचे होते. पडवीत सासूबाई रातांबे फोडत बसत. आमसुलांसाठी सालं वेगळी, सरबतासाठी गर वेगळा. हवेत आंबटगोड वास दाटून राही आणि त्यांचे हात मनगटापर्यंत लालबुंद होत. त्या रंगलेल्या बोटांनी यंत्राला हात लावायला त्या तयार नव्हत्या.

"मी सांगते, तू दाब," त्या म्हणाल्या.

खेळ साधा होता. पाच पानं येतात. हवी ती खालच्या बटणाने धरायची, नको ती सोडायची. कोपऱ्यातलं मोठं बटण दाबलं की सोडलेल्यांच्या जागी एकदाच नवी येतात. गुलामाची किंवा त्याच्या वरच्या पानाची जोडी जमली, तर लावलेला गुण परत. पुढे दोन जोड्या, तीन सारखी, पाचही एका रंगाची, अशी चढती भांजणी. काय धरावं नि काय सोडावं, एवढंच त्याचं शास्त्र. ते मलाही येत नव्हतं. ह्यांनी कागदावर लिहून दिलेले चार नियम मी मोठ्याने वाचून दाखवत असे.

"काय आलं?"

"चौकटचा गुलाम, इस्पिकची चव्वी, किलवरची सत्ती, बदामची दश्शी, इस्पिकची दुर्री."

"दस्सी धर."

"आई, इथे एकट्या दश्शीला किंमत नाही. गुलाम तेवढा धरायचा."

"गुलाम धरू नि मेंढी टाकू? येडी काय गो तू?"

अडचण इथेच होती. सासूबाई मेंढीकोटाच्या खेळाडू. पावसाळ्यात होड्या काठावर ओढल्या की आळीतल्या बायकांचा डाव त्यांच्याच पडवीत बसे. त्या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. चार मेंढ्या गोळा करण्यासाठीच सगळा डाव. एक्के-राजेसुद्धा त्यांच्यासाठीच खर्ची घालायचे. उभ्या आयुष्यात ह्या बाईंनी हातातली दश्शी आपण होऊन सोडली नव्हती. मी दाखवून दिलं, समजावलं, गुण घसरत गेले; पण काचेवर दश्शी दिसली की हुकूम सुटे, "धर!"

हातात काहीच नसेल तर पाचही सोडून द्यायची, ह्या नियमावर तर त्या चिडल्याच.

"पाचय? मग हातात काय ऱ्हायलं?"

"नवीन पाच येतात ना."

"येतात म्हणं. कोणी बघितलान?"

त्यांच्याकडे सोडण्यासाठी वेगळाच शब्द होता. विहिरीत कळशी सोडताना त्या हलकेच म्हणत, "आर्या." गलबताचं शीड उतरवताना तांडेल तशी हाक देत. दोर हातातून सरसरत जाई, खोल कुठेतरी पाण्याला कळशीचा ओठ लागे, आणि त्या क्षणभर कान देऊन उभ्या राहत. पत्त्यांसाठी मात्र हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

मेच्या मध्यावर ह्यांचं पत्र आलं. खुशाली दोन ओळींत आणि बाकी सगळा खेळ. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडून शिकलेला नियम त्यात होता: जोडी असली की सोबतचा एक्का कितीही देखणा असो, सोडावा; तो धरला तर येणाऱ्याची जागा अडते.

"ही काय बायकोला पत्र लिवायची रीत?" सासूबाई म्हणाल्या. "घोव हाय का मास्तर?"

पण ते पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचून संपल्यावर आम्ही दोघी हसत होतो, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मी बोलून गेले. कोल्हापूर, एक वर्ष, मेअखेर.

त्यांच्या हातातला रातांबा अर्धा फुटलेला होता. तो त्यांनी पुरता फोडला, साल एका बाजूला ठेवली, गर दुसऱ्या.

दोन दिवस यंत्र फळीवर तसंच पडून राहिलं. दोन दिवस मी भात वाढला आणि त्यांनी खाल्ला. वाटलं, विचारलं नसतं तर निदान ते हसणं तरी उरलं असतं. पत्र फाडून टाकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तिसऱ्या दुपारी त्या उठल्या, राख लावून हात खसखसून धुतले, पदराला पुसले आणि यंत्र घेऊन माझ्याजवळ बसल्या.

"मीच दाबते. सांग काय आलं."

मी काचेकडे पाहिलं. "बदामची दश्शी. किलवरची सत्ती, इस्पिकची पंजी, चौकटची तिर्री, किलवरची दुर्री."

"म्हंजे काय नाय."

"काही नाही."

त्यांचं बोट दश्शीखालच्या बटणावर गेलं. तिथेच थांबलं. नखांच्या कडांत अजून लाली होती. झावळ्यांच्या सावल्या काचेवरून दोनदा गेल्या. मग बोट उचलून त्यांनी कोपऱ्यातलं मोठं बटण दाबलं.

"आर्या," त्या हलकेच म्हणाल्या.

नवीन पाच आली. त्यांतही काही नव्हतं. एक गुण गेला.

मला वाटलं, आता त्या यंत्र बाजूला सारतील. पण त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसल्या. "गेली तर गेली. आणखी वाटील मेलं." मग काचेवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "कोलापुरास थंडी पडते म्हणतात. गोधडी न्यायला लागंल ना गो तुला?"

त्या संध्याकाळी मी होकाराचं पत्र लिहिलं. ते पेटीत टाकायला त्या स्वतः माझ्याबरोबर पोस्टापर्यंत आल्या.

दिवाळीला मी कोल्हापूरहून घरी आले तेव्हा त्या आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिल्या, मग "वाळलीस" म्हणाल्या, मग चुलीवरच्या कालवणाकडे वळल्या. फळीवर यंत्र होतं. मी ते उजेडात धरलं. पानांखालची पाचही बटणं नव्यासारखी स्वच्छ होती. कोपऱ्यातलं मोठं बटण तेवढं हळदीच्या बोटाने पिवळंजर्द झालेलं. काचेवर गुणांच्या जागी शून्य.

"आई, तुम्ही काहीच धरत नाही की काय? प्रत्येक वेळी पाचही सोडता?"

"तूच शिकवलंस ना?"

"जोडी असली की धरायची असते हो!"

"ते इसरले," त्या म्हणाल्या. कालवण ढवळता ढवळता त्यांनी खिडकीतून वाटेकडे पाहिलं. "धरण्यात काय मजा नाय. सगळी सोडली की कोण येतंय ते बघत बसायचं. दुपार जाते."

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि पहिल्यापासून शिकवायला घेतलं.