झाडामागची पेटी

सोसायटीच्या सत्कारात शाल देता देता मी त्या वृद्ध नटाला विचारलं, "सिनेमात तुमच्यासाठी कोण गायचं?" माझा अभ्यास नेहमी असाच असतो.

"मीच गायचो," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, चित्रीकरण चालू असतानाच गाणं मुद्रित व्हायचं. पेटीवाला झाडामागे लपून वाजवायचा. मी नायिकेकडे बघायचो, कान मात्र झाडाकडे असायचे."

मग आम्हाला पटावं म्हणून की काय, त्यांनी खुर्चीतूनच एक तान घेतली. ती मध्येच दमली, पण सुरात दमली. माणसाचं तारुण्य बाकीचे विसरून जातात. त्याच्या गळ्याला मात्र ते आठवत असावं.

घरी येताना मी खजील होतो. बायको म्हणाली, "बरं झालं चुकलात. नाहीतर नारळ हातात देऊन आपण त्यांना न गाताच घरी पाठवलं असतं."