निळीच्या खाली

माझी आत्या साचे फोडायची. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठं, हातोडी दिली की कोणीही फोडेल. फोडून दाखवा म्हणते मी. मातीच्या पुतळ्यावर प्लास्टरचा साचा घेतात, माती काढून आत पुन्हा प्लास्टरचा जाड लेप देतात, की झाला पोकळ पुतळा तयार. मग वरचा साचा छिन्नीनं उडवायचा. वर प्लास्टर, खाली प्लास्टर, दोन्ही पांढरंफटक. म्हणून साच्याच्या पहिल्या थरात कपड्यांची नीळ कालवतात. निळं दिसलं की हात आवरायचा, खाली चेहरा आहे. तीस वर्षांत आत्याची छिन्नी निळीच्या खाली गेली नव्हती. याचा तिला भारी तोरा होता आणि तो आम्हाला रोज जेवताना ऐकावा लागे.

ती ज्याच्याकडे कामाला होती त्या शिल्पकाराला सगळे सर म्हणत. बोलणं साखरेत घोळलेलं, पण गोगलगाय नि पोटात पाय. आत्या कामाला लागली तेव्हा तो चाळिशीचा होता. आत्या साठीला टेकली तरी हा आपला चाळिशीतच. "खाण्यापिण्याचं पथ्य पाळत असतील," आत्या म्हणायची. बघायचं नसलं की दिसत नाही, दुसरं काय! त्याची एक रीत होती. ज्याचा पुतळा, त्याला रिकाम्या साच्यात एकदा फुंकर घालायला लावायचा. लगेच दार लावून एकटाच आतला लेप द्यायचा आणि पुतळ्याचं बूड लिंपून टाकायचा. शकुन असतो म्हणे.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना सरांकडे नेलं ते आत्यानंच. "असा चेहरा शोधून सापडायचा नाही," असं सांगत मिरवत नेलं. बाबा आठ दिवस समोर बसले, फुंकर घातली आणि घरी आले.

सोमवारी आत्यानं साच्यातून मान मोकळी केली. सोमवारीच बाबांची मान धरली. आम्ही उशी बदलली, शेकून पाहिलं. मंगळवारी संध्याकाळी आत्या ताटावर बसता बसता म्हणाली, "आज कान झाले. काय सुरेख आलेत."

"बाबांना दुपारपासून ऐकू येत नाहीये," मी म्हटलं.

आत्यानं ताट तसंच सरकवलं. बुधवारी बाबांचं तोंड मिटलं ते मिटलंच. आत्यानं दारातूनच विचारलं, "ओठ?" मी मान हलवली. इतक्या वर्षांत पुतळ्यासाठी बसून गेलेलं एकही माणूस आपला पुतळा बघायला परत आलं नव्हतं, आणि का येत नाही, असं तिनं कधी विचारलं नव्हतं.

आता उरलं होतं नाक आणि डोळे.

"उद्या जाऊच नकोस," मी म्हटलं.

"मी नाही गेले तर तो स्वतः फोडेल."

गुरुवारी ती गेली. तिथलं सगळं तिनंच मागाहून सांगितलं. सर पाठीशी येऊन उभा राहिला. "आज नाक, बाई. सावकाश." तिनं छिन्नी लावली. निळं दिसलं. तीस वर्षं जिथं थांबायचा तिथं हात थांबला. मग तिनं दातओठ खाऊन घाव घातला, निळीच्या खाली, थेट नाकपुडीतून आरपार. एखाद्या नवशिक्यानं असं केलं असतं तर तिनंच त्याला हाकलून दिलं असतं. भोकातून ऊन हवा सुटली आणि तिच्या मनगटाला लागली.

"काम बिघडवलंत, बाई," सर म्हणाला. आवाज तसाच मऊ, पण कानावरचे केस तिच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. तेव्हा तिला उलगडलं, हा कोणाच्या श्वासावर जगत होता ते. मागच्या फळ्यांवर आणखी एकतीस पुतळे होते.

इकडे घरी मला तिचा भयंकर राग आला होता. घर पंधरा मिनिटांवर. भाऊ राहिला की गेला, हे बघायला तरी धावत यावं की नाही? "बाहेर पडले असते तर त्यानं ते भोक लिंपलं असतं," ती मागाहून म्हणाली. "आणि ते एकतीस माझ्याच हातचे होते गं." एकेक पुतळा उतरवून तिनं एकतीस नाकं फोडली. प्रत्येक घावाला सर वाकत गेला. शेवटी स्टुलावर बसला तो एवढासा जख्ख म्हातारा. त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलं.

"त्याला पाणी दिलंस?" हे ऐकताना मी चिडले.

"तहानलेला होता," आत्या म्हणाली. अर्ध्या पेल्यातच तो संपला.

त्या एकतीसांतली एकोणीस माणसं त्या दुपारी आपापल्या घरी उठून बसली, हे आम्हाला पुढं महिनाभर कळत राहिलं. बाकीची आधीच गेली होती. त्यांचीही नाकं तिनं सोडली नाहीत.

बाबा सकाळी अकराला जोरात शिंकले. मग मान वळवून त्यांनी विचारलं, "ताई कुठाय?" तेच दर तासाला विचारत होते.

आत्या आली ती ऊन उतरल्यावर, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टरच्या भुकटीनं पांढरी. पायरीशी येऊन थबकली. आत काय बघावं लागेल या भीतीनं तिचं पाऊल उचलेना. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण बाबांनी मला हातानं थांबवलं. भिंतीला धरत ते स्वतः दारापर्यंत गेले.

"ताई, बाहेर काय उभी राहिलीस? आत ये ना."

आत्या पायरीवरच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.